चित्रफीत बोलते, पण ऐकते का?

'चार' हा शब्द मोठ्याने म्हणा. आता 'चाक' म्हणा. अक्षर एकच, पण उच्चार दोन! पहिल्या 'च'ला जीभ टाळूकडे जाते, दुसऱ्याला ती दातांमागे टेकते. वणीजवळच्या राजूरला कोळशाच्या खाणींमुळे परप्रांतांतील पुष्कळ माणसे येऊन राहिली. नव्याने मराठी शिकणाऱ्या हिंदी भाषकाला हा फरक सुरुवातीला ऐकूही येत नाही. तुम्हांला मात्र तो कधी शिकलो हे आठवतही नसेल.

इंग्रजीपुढे आपली गत त्या पाहुण्यासारखीच होते. 'व्हेस्ट' म्हणजे बनियन आणि 'वेस्ट' म्हणजे पश्चिम. पहिल्या शब्दात वरचे दात खालच्या ओठाला टेकतात व हवा घासत बाहेर पडते. दुसऱ्यात दात लागतच नाहीत, ओठांचा चंबू होतो. आपला 'व' या दोहोंच्या मधला. म्हणूनच आपली गफलत होते.

मोबाइलवरील चित्रफिती येथे खरोखर उपयोगी पडतात, कारण त्यांत ओठ दिसतात. आपण डोळ्यांनीही ऐकतो! १९७६ साली मॅक्गर्क व मॅकडोनल्ड या शास्त्रज्ञांनी 'बा' असा आवाज ऐकवला आणि पडद्यावर मात्र 'गा' म्हणणारे ओठ दाखवले. बहुतेक मोठ्या माणसांना 'डा' ऐकू आले.

मग दिवसभर चित्रफिती पाहाव्यात का? माझे मत आहे, नाही. २००३ साली अमेरिकेत पॅट्रिशिया कूल व त्यांच्या सहकाऱ्यांनी नऊ महिन्यांच्या बाळांवर एक प्रयोग केला. ज्यांच्याशी माणसे समोर बसून चिनी भाषेत बोलली, ती बाळे त्या भाषेतील जवळचे ध्वनी वेगळे ओळखू लागली. ज्यांनी तेच बोलणे पडद्यावर पाहिले, त्यांना ते जमले नाही. तुम्ही काही बाळे नाही. पण इशारा ध्यानात घ्या. चित्रफीत बोलते, तुमचे ऐकत नाही. तुमची चूक तिला कळत नाही.

तेव्हा असे करा. एकच शब्द पाहा, आरशासमोर म्हणा, मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा आणि मूळ उच्चाराशी ताडून पाहा. मग मित्राला समोर बसवा. 'व्हेस्ट', 'वेस्ट' यांपैकी एक म्हणा. ऐकून त्याने बनियन की पश्चिम ते सांगावे. दहापैकी किती बरोबर आले ते वहीत मांडा. आठवड्याने पुन्हा मोजा.

आणि एक सांगतो. थेट इंग्रजांसारखे बोलता येत नाही म्हणून वर्गात गप्प बसू नका. खुद्द इंग्लंडात गावोगावचे उच्चार निराळे आहेत. आपले बोलणे समोरच्याला नीट कळावे, एवढेच आपल्याला साधायचे आहे. त्यासाठी आधी तोंड उघडले पाहिजे!