खुर्च्या नसलेलं नाट्यसंगीत



दिवाळीच्या फराळाचे डबे ज्याचे त्याला परत जातात न जातात तोच युवा समितीने कार्यकारिणीपुढे एक प्रस्ताव ठेवला. आपल्या मराठी मंडळाची हिवाळी सहल यंदा म्युझियमला न नेता मॅनहॅटनमधल्या एका डान्स पार्टीला न्यायची. तिथे बॉलिवूड नाही, भांगडा नाही, रात्रभर फक्त म्युझिकल नाटकांची गाणी. डीजे ‘विकेड’, ‘रेंट’, ‘हॅमिल्टन’ अशी एकामागून एक लावत जातो आणि सगळी गर्दी नाचत नाचत, बेंबीच्या देठापासून गाते. असल्या पार्ट्या आता अमेरिकेत शहरोशहरी होतात. बैठकीत पहिला प्रश्न आला, “बसायची सोय?” नाही. दुसरा, “जेवणाचं काय?” तेही नाही.

तरी ठराव मंजूर झाला, आणि मी हात वर केला तो आनंदाने.

नाटकातलं गाणं प्रेक्षकांच्या तोंडी बसणं आपल्याला काही नवं नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ पुण्यात १८८० साली आलं, ब्रॉडवेवर ‘ओक्लाहोमा!’ आलं ते त्यानंतर, १९४३ला. ‘मानापमान’, ‘स्वयंवर’च्या काळात प्रेक्षक पदामागून पदाला वन्समोअर घेत, पाच अंकी नाटक पहाटेपर्यंत लांबे आणि पदं घरोघरी गुणगुणली जात. आज आपल्या नाट्यसंगीताच्या कार्यक्रमात काय होतं? आपण माना डोलावतो, तानेला टाळी देतो आणि मध्यंतराच्या चहाकडे डोळे लावून बसतो. मुलं लॉबीत. त्याच मुलांना ‘हॅमिल्टन’ अथपासून इतिपर्यंत पाठ आहे, आणि ते नाटक जवळजवळ अखंड गाण्यातूनच चालतं! पाठांतर होत नाही ही तक्रार निदान मी तरी आता बंद केली आहे.

आणि हे सगळं ‘त्यांचं’ म्हणून बाजूला सारायचं असेल, तर नंदू भेंडे आठवावेत. अ‍ॅलेक पदमसींच्या मुंबईतल्या ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’मध्ये जूडास गाणारा हा मराठी गायक १९७८ साली पुलंच्या ‘तीन पैशाचा तमाशा’त रॉकच्या ढंगात गायला. ते नाटक मुळात ब्रेख्तचं. ‘ती फुलराणी’ आणि ‘माय फेअर लेडी’ तर एकाच शॉच्या ‘पिग्मॅलियन’ची लेकरं. देवाणघेवाण जुनीच आहे.

आता कामाचं. तिकिटं आधी काढावी लागतात, दारात मिळतीलच असं नाही. या जागी बार असतो, म्हणून वयाची अट असते, कुठे १८ तर कुठे २१. तिकिटावर पाहून घ्यावं आणि मूळ ओळखपत्र जवळ ठेवावं, फोनमधला फोटो चालत नाही. जाड कोट घालून नाचता येत नाही आणि तो ठेवायच्या रांगेत पहिली चार गाणी निघून जातात, तेव्हा दोघातिघांत एकच कोट नेण्याचा युवा समितीचा सल्ला मला पटला (कुडकुडायचं कोणी, हे त्यांनी ठरवलेलं नाही). टाचेचे बूट नकोत. कानात घालायचे बोळे हवेत, त्यात कमीपणा नाही. वेशभूषा ऐच्छिक आहे, पण ‘विकेड’मधल्या एल्फाबाचा हिरवा रंग तोंडाला फासणाऱ्यांनी दुसऱ्याच्या पांढऱ्या शालीपासून दूर राहावं. मध्यरात्रीनंतर पेन स्टेशनवरून न्यू जर्सीच्या गाड्या विरळ होतात; परतीची गाडी आधीच ठरवून त्या वेळेला सगळ्यांनी दाराशी जमायचं आहे. गाडी चालवणाऱ्याने प्यायची नाही, हे वेगळं सांगायला नको, तरी सांगतो.

गाणी येत नसतील तर युवा समितीने एक यादी केली आहे. भांडी घासताना आठवडाभर लावा, निदान ध्रुवपदं तरी बसतील. पालकांना एकच विनंती. मुलांवर लक्ष ठेवायला म्हणून येऊ नका, नाचायला या.

गुढीपाडव्याला मुलांकडे याची परतफेड मागणार आहोत. त्या संध्याकाळी नाट्यपदांचे शब्द पडद्यावर दाखवू, खुर्च्या भिंतीला लावू, आणि सगळ्यांनी गायचं. डीजे मात्र नको. पेटी आणि तबला पुरे. पेटीवाले सभासद मिळाले आहेत, तबलजी हवा आहे.

सहलीसाठी नावं युवा समितीकडे लवकर द्यावीत. साठी उलटलेल्यांनीही संकोच करू नये. वयाची अट फक्त खालच्या बाजूने आहे.

आपला,
संपादक