परक्या शेतातील भाकरी

इजिप्तच्या बोलीभाषेत भाकरीला 'ऐश' म्हणतात. या शब्दाचा अर्थ जीवन. जानेवारी १९७७मध्ये अन्वर सादात यांच्या सरकारने आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या आग्रहापायी अन्नधान्यावरील अनुदान कापले. लगेच कैरो पेटले आणि सरकारला निर्णय मागे घ्यावा लागला. २०११ साली तहरीर चौकात 'भाकरी, स्वातंत्र्य, सामाजिक न्याय' ही घोषणा घुमली. तिचा पहिला शब्द भाकरी होता, हा केवळ योगायोग नव्हे.

एके काळी रोमन साम्राज्याला धान्य पुरवणारा नाईलकाठचा हा देश आज जगातील सर्वांत मोठ्या गहू आयातदारांपैकी एक आहे. फेब्रुवारी २०२२मध्ये युक्रेनयुद्ध सुरू झाले, तेव्हा त्याच्या आयात गव्हापैकी सुमारे ८० टक्के गहू रशिया आणि युक्रेनमधून येत होता. त्याच वर्षी मे महिन्यात भारताने गहू निर्यातीवर बंदी घातली. तरीही इजिप्तसाठी कांडला बंदरात भरला जात असलेला ६१,५०० टन गहू भारताने जाऊ दिला.

संकटाबरोबर निधीही आला. जून २०२२मध्ये जागतिक बँकेने इजिप्तला ५० कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले. जुलैमध्ये इस्लामी विकास बँकेने सदस्य देशांच्या अन्नसुरक्षेसाठी १,०५४ कोटी डॉलरचा कार्यक्रम जाहीर केला. पण हा पैसा जिरणार कोठे, हा खरा प्रश्न आहे. जागतिक बँकेच्या कर्जाचा मोठा भाग गहूखरेदीसाठीच होता. भुकेल्याला आधी घास हवा, हे मान्य. मात्र कर्ज काढून आणलेले धान्य संपते आणि कर्ज उरते.

केवळ पैसा ओतूनही शेती टिकत नाही. सौदी अरेबियाने भूगर्भातील प्राचीन पाणी उपसून वाळवंटात गहू पिकवला, निर्यातही केला. पाणी आटू लागताच २००८मध्ये ही शेती आवरती घेण्याचे ठरले आणि २०१६पर्यंत सरकारी खरेदी थांबली. याउलट संयुक्त अरब अमिरातीच्या साहाय्याने इजिप्तमध्ये उभ्या राहिलेल्या सायलोंमुळे उघड्यावर नासणारे धान्य वाचू लागले. कोठारे, पाण्याचा काटकसरीने वापर, उत्तम बियाणे आणि शेतकऱ्याला रास्त भाव यांवर केलेला खर्चच पुढील संकटात उपयोगी पडतो.

जून २०२४मध्ये इजिप्तने अनुदानित भाकरीचा भाव ५ पियास्त्रांवरून २० पियास्त्रांवर नेला. तीन दशकांहून अधिक काळानंतरची ही पहिली वाढ. हे ओझे अखेर गरिबाच्याच ताटावर येते.

परक्या धान्यावर जगण्याचे दुःख भारताला नवे नाही. १९६५मध्ये अमेरिकी गव्हाची जहाजे दडपणाचे हत्यार बनली, तेव्हा लालबहादूर शास्त्रींनी देशाला एक वेळचे जेवण सोडण्याचे आवाहन केले. त्यानंतर शास्त्रज्ञ, शेतकरी आणि शासन यांनी मिळून हरितक्रांती घडवली. तिनेही पुढे भूजलाची मोठी किंमत वसूल केली, हेही विसरून चालणार नाही. देश कोणताही असो, धर्म कोणताही असो, ज्याची भाकरी दुसऱ्याच्या बंदरात अडते, त्याचे स्वातंत्र्य अपुरेच राहते.