शिक्षकांचा आमदार आणि मास्तर आमदार

शिक्षक मतदारसंघातून आमदार व्हायला शिक्षक असावे लागते, असा बहुतेकांचा समज असतो. तसे काही नाही. संस्थाचालक, बांधकाम व्यावसायिक, पक्षाचा जुना कार्यकर्ता, कुणीही उभा राहू शकतो. याच धर्तीच्या पदवीधर मतदारसंघाचा उमेदवार पदवीधर असलाच पाहिजे असे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये तामिळनाडूतल्या एका खटल्यात सांगून टाकले आहे. अट आहे ती मतदाराला. मागच्या सहा वर्षांत किमान तीन वर्षे शिकवलेले हवे, आणि तेही माध्यमिक किंवा त्यावरच्या संस्थेत. म्हणजे वाडीवस्तीवर पहिली ते चौथी एकहाती सांभाळणाऱ्या जिल्हा परिषदेच्या गुरुजींना शिक्षक म्हणून मतच नाही.

महाराष्ट्राच्या ७८ जणांच्या विधान परिषदेत अशा सात जागा आहेत. मतदान पसंतीक्रमाचे. केंद्रावर दिलेल्या जांभळ्या पेनाने उमेदवारासमोर १, २, ३ असे आकडेच लिहायचे. बरोबरची खूण केली की मत बाद. आयुष्यभर पोरांच्या उत्तरपत्रिका तपासणाऱ्यांच्या मतपत्रिका यात दरवेळी बाद होतात, ही गंमत वेगळीच!

प्रचाराचे मुद्दे ठरलेले असतात: जुनी पेन्शन, टप्पा अनुदान, संचमान्यता (शाळेला किती शिक्षकपदे मंजूर, याचा हिशेब). त्यांना नाक मुरडण्यात अर्थ नाही. १ नोव्हेंबर २००५ नंतर नोकरीला लागलेल्यांची जुनी पेन्शन गेली. 'कायम विनाअनुदानित' शाळांना लावलेली 'कायम'ची अट २००९ मध्ये निघाली, पण प्रत्यक्ष अनुदान वीस टक्के, मग चाळीस टक्के असे रखडत आले. विनावेतन राबलेल्या शिक्षकाने मुंबईच्या आझाद मैदानात धरणे धरून बसायचे नाही तर कुठे? तक्रार वेगळी आहे. आमदारकीची सहा वर्षे फायलींचा पाठपुरावा करण्यातच संपतात आणि वर्गातल्या पोराचे नाव सभागृहात क्वचित निघते.

इथे प्रा. एन. डी. पाटील आठवतात. वाळवा तालुक्यातल्या ढवळीचे, जन्म १९२९ चा. अर्थशास्त्रात एम. ए. करून साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाविद्यालयात शिकवू लागले आणि तिथेच 'कमवा आणि शिका' योजनेतल्या मुलांचे रेक्टर झाले. पुढे इस्लामपूरला प्राचार्य. शेतकरी कामगार पक्षाचे हे प्राध्यापक १९६० मध्ये विधान परिषदेत गेले. तिथे तीन वेळा मिळून अठरा वर्षे काढली आणि १९८५ मध्ये कोल्हापुरातून विधानसभेवरही निवडून आले. १९७८ च्या पुरोगामी लोकशाही दलाच्या (पुलोद) सरकारात मंत्रिपद मिळाले, पण खाते सहकाराचे.

सत्ता गेल्यावर माणूस महामंडळ शोधतो. एन. डी. रयत शिक्षण संस्थेत रमले आणि १९९० पासून बरीच वर्षे तिचे अध्यक्ष राहिले. एन्रॉनच्या वीजप्रकल्पाविरुद्ध लढले. शरद पवार त्यांचे मेहुणे, तरीही पवारांचा पक्ष राज्यात सत्तेत असताना रायगडच्या विशेष आर्थिक क्षेत्राविरुद्ध (सेझ) शेतकऱ्यांच्या बाजूने उभे राहिले. कोल्हापूरच्या टोलविरोधी आंदोलनात उतरले तेव्हा ऐंशी उलटली होती. डॉ. नरेंद्र दाभोलकर कार्याध्यक्ष असलेल्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे होते. जादूटोणाविरोधी कायद्यासाठी समितीने वर्षानुवर्षे गावोगावी सभा घेतल्या. कायदा २०१३ मध्ये झाला, पण तोवर दाभोलकरांचा खून झालेला होता.

या यादीत शिक्षकांची पगारवाढ फारशी दिसत नाही. दिसतो तो वीजदर, जमीन, टोल असा रुक्ष विषय साध्या माणसाला समजेपर्यंत सांगत राहण्याचा मास्तरी चिवटपणा. शिक्षकी पेशातून आलेल्या आमदाराकडून सभागृहाला हवे ते हेच. संघटनेचे निवेदन मंत्रालयात पोचवायला टपालही पुरते.

आता सुधारणेचे. प्राथमिक शिक्षकांना मत द्यायचे म्हटले की घटनादुरुस्तीचा बाऊ केला जातो. तो खरा नाही. विधान परिषदेची रचना संसदेने कायदा करून बदलेपर्यंतच लागू राहील, असे अनुच्छेद १७१ मध्येच लिहिले आहे. साध्या बहुमताने हे काम होऊ शकते. सातही शिक्षक आमदारांनी मिळून संसदेकडे तशी मागणी करणारा ठराव मांडावा. त्यांच्या मतदारयादीत प्राथमिकचे गुरुजी आले, तर पुढच्या निवडणुकीत वाडीवरच्या एकशिक्षकी शाळेचे काय, हा प्रश्न प्रत्येक उमेदवाराला पहिल्याच सभेत ऐकावा लागेल.