भवभूतीचे गाव आणि ‘भयानक मौत’ : मेटलच्या अल्बमांना संग्रहात जागा का हवी?

१/
दर शुक्रवारी जगभर नवे अल्बम प्रसिद्ध होतात. त्यांत हार्ड रॉक आणि हेवी मेटलचेही असतात. गोंदिया जिल्ह्यातल्या आमगावात बसलेला श्रोता असा अल्बम त्याच मध्यरात्री फोनवर ऐकू शकतो. पण १९८८ साली मुंबईत निघालेला एखादा रॉक अल्बम सार्वजनिक ग्रंथालयात जपला आहे, अशी हमी त्याला कायदा देत नाही. त्याच वर्षीच्या मराठी पुस्तकाबाबत मात्र कायदा ती देतो. हा थ्रेड या तफावतीविषयी आहे.

२/
ही तफावत कोणालाच खुपत नाही, कारण तिच्यामागे तीन समजुती आहेत. पहिली, हे संगीत परके आहे. कवट्या, स्मशाने आणि किंकाळ्या यांचा आपल्या परंपरेशी संबंध नाही. दुसरी, हा महानगरांतल्या मूठभर इंग्रजी शिकलेल्या मुलांचा छंद आहे. इतिहासाने त्याची दखल का घ्यावी? तिसरी, आता सारे काही इंटरनेटवर आहेच. वेगळे जपायचे काय? तिन्ही समजुती तपासल्यावर टिकत नाहीत.

३/
पहिल्या समजुतीचे उत्तर आमगावाच्या वेशीवरच आहे. आठव्या शतकातला संस्कृत नाटककार भवभूती आपल्या नाटकांच्या प्रस्तावनेत आपले मूळ गाव पद्मपूर असल्याचे सांगतो. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी हे पद्मपूर म्हणजे आमगावाजवळचे पदमपूर असे प्रतिपादन केले. आमगावातल्या महाविद्यालयाला भवभूतीचे नाव आहे, ते याच अभिमानातून.

४/
या भवभूतीच्या ‘मालतीमाधव’ नाटकाचा पाचवा अंक पाहावा. नायक माधव रात्री स्मशानात भुतांना मानवी मांस विकायला निघतो. जवळच कराला चामुंडेचे देऊळ आहे. तिथे अघोरघंट नावाचा कापालिक आणि त्याची शिष्या कपालकुंडला मालतीचा बळी देण्याच्या तयारीत असतात. माधव अघोरघंटाला ठार करतो आणि पुढे कपालकुंडला सूड उगवते. प्रेते, कवट्या, रक्त, सूड असे सारे काही या एका प्रेमकथेत आहे.

५/
भरताच्या नाट्यशास्त्राने सांगितलेल्या आठ रसांमध्ये रौद्र, भयानक आणि बीभत्स हे तिन्ही रस आहेत. त्यांना शृंगाराच्या पंक्तीत बसवणाऱ्या परंपरेच्या नावाने मेटलला ‘संस्कृतीबाह्य’ ठरवणे म्हणजे आपलीच परंपरा अर्धी वाचणे होय. भवभूती हा मेटलचा पूर्वज आहे, असा दावा येथे नाही. तो हास्यास्पद ठरेल. मुद्दा एवढाच की भयाची कला परकी असल्याचा आक्षेप आमगावात तरी कोणी घेऊ नये.

६/
मेटलचा स्वतःचा उगम वेगळा आहे आणि तो कारखान्यातला आहे. ब्लॅक सबाथ या इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या बँडचा पहिला अल्बम १३ फेब्रुवारी १९७० रोजी आला. त्याच्या गिटारवादकाने, टोनी आयोमीने, पत्र्याच्या कारखान्यात काम करताना दोन बोटांची टोके गमावली होती. त्याने प्लास्टिक वितळवून टोपणे बनवली आणि पुढे गिटारच्या तारा सैल केल्या. त्या सैल तारांचा जड, खालचा सूर या शैलीची ओळख बनला. तेव्हा हे संगीत श्रीमंतांच्या दिवाणखान्यात जन्मले नाही, हेही ध्यानात घ्यावे.

७/
आता महाराष्ट्र. १९८४ साली मुंबईत ‘रॉक मशीन’ हा बँड उभा राहिला. उदय बेनेगल, महेश तिनाईकर आदी त्याचे वादक-गायक. पाश्चात्त्य गाण्यांच्या नकला करून टाळ्या मिळत असताना या बँडने १९८८ साली स्वतःच्या रचनांचा ‘रॉक एन रोल रेनेगेड’ हा अल्बम काढला. १९९० साली दुसरा आला. १९९३ साली बँडने ‘इंडस क्रीड’ हे नाव घेतले.

८/
१९८६ पासून मुंबईत ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा महोत्सव भरू लागला आणि धोबी तलावाचे खुले ‘रंगभवन’ हे त्याचे घर बनले. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी रुग्णालये, शिक्षणसंस्था आणि न्यायालये यांच्याभोवतालचे १०० मीटर ‘शांतता क्षेत्र’ होऊ शकत होते. रंगभवनाच्या शेजारी महाविद्यालयही होते आणि रुग्णालयही. काही वर्षांतच तिथल्या मैफली थांबल्या. रुग्णांची शांतता योग्यच. पण गेलेल्या रंगमंचाच्या जागी दुसरा देण्याची निकड कोणाला वाटली नाही.

९/
रंगमंच गेला तरी अल्बम थांबले नाहीत. साहिल मखिजाच्या ‘डेमॉनिक रेझरेक्शन’ने २००० साली पहिला आणि २००५ साली ‘अ डार्कनेस डिसेंड्स’ हा दुसरा अल्बम काढला. २००३ साली ‘भयानक मौत’ हा बँड निघाला. त्याचे अल्बम २००९ आणि २०१४ सालचे. ‘स्क्राइब’ने २०१० साली ‘मार्क ऑफ तेजा’ आणि २०१४ साली ‘हेल मोगॅम्बो’ काढले. दोन्ही नावे हिंदी चित्रपटांतल्या खलनायकांची आहेत.

१०/
२०१७ साली डेमॉनिक रेझरेक्शनचा ‘दशावतार’ आला. विष्णूच्या अवतारांवर एकेक गाणे. कोकणात रात्र रात्र रंगणारा विषय इथे विजेच्या गिटारवर आणि दुहेरी बास ड्रमवर आला. २०२३ साली मखिजाने ‘डीमनस्टीलर’ या नावाने ‘द प्रोपगंडा मशीन’ हा अल्बम काढला. त्याचा विषय शीर्षकातच आहे, प्रचारयंत्रणा. उद्या या दशकातल्या प्रचाराचा इतिहास लिहिणाऱ्याला हा अल्बम साधन म्हणून लागणार नाही काय?

११/
दुसऱ्या समजुतीत तथ्याचा अंश आहे आणि तो मान्य केला पाहिजे. इलेक्ट्रिक गिटार, अॅम्प्लिफायर आणि सरावाची खोली स्वस्त नव्हती. गाणी बहुतेक इंग्रजीत होती. महाविद्यालयीन स्पर्धा हेच मोठे व्यासपीठ होते आणि तिथे पोचणारे तरुण ठरावीक वर्गातले होते. या संगीताच्या चाहत्यांनी ही गोष्ट लपवू नये. बंडाची भाषा बोलणाऱ्याला स्वतःची सोय दिसत नसेल, तर तोही दोषच आहे.

१२/
पण त्यावरून हा केवळ महानगरांचा खेळ होता, असे ठरत नाही. भारतीय रॉकचे सर्वांत महत्त्वाचे नियतकालिक, ‘रॉक स्ट्रीट जर्नल’, १९९३ साली अमित सहगल यांनी अलाहाबादेतून सुरू केले. ‘हेल टू द हिरोज’ (२०२२) हा हार्ड रॉक अल्बम काढणारा ‘गिरीश अँड द क्रॉनिकल्स’ हा बँड गंगटोकचा. दिल्लीच्या ‘ब्लडीवूड’ने ढोल आणि हिंदी-पंजाबी शब्द घेऊन ‘रक्षक’ (२०२२) व ‘नू दिल्ली’ (२०२५) काढले आणि जगभर श्रोते मिळवले.

१३/
शिवाय ‘मूठभरांचा छंद’ हा निष्कर्ष तरी कशाच्या आधारे काढायचा? कोणी वाजवले, कोणत्या गावात कॅसेट पोचली, कोणत्या गिरणगावातल्या मुलाने उसनी गिटार घेतली, हे अल्बमांवरच्या नोंदींवरून आणि वादकांच्या नावांवरून कळते. साधने जपायची नाहीत आणि मग साधने नाहीत म्हणून विषय क्षुद्र ठरवायचा, ही इतिहासलेखनातली जुनी खोड आहे. स्त्रियांच्या, श्रमिकांच्या आणि आदिवासींच्या इतिहासाबाबत ती दीर्घकाळ चालली.

१४/
साधने का जपली जात नाहीत, याचे उत्तर एका कायद्यात आहे. १९५४ च्या ग्रंथ-प्रदान कायद्यानुसार प्रत्येक प्रकाशकाने पुस्तक निघाल्यापासून ३० दिवसांत त्याची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन सार्वजनिक ग्रंथालयांना स्वखर्चाने द्यायची असते. त्यांतले एक मुंबईचे मध्यवर्ती ग्रंथालय आहे. १९५६ च्या दुरुस्तीने वृत्तपत्रेही या कायद्याखाली आली. ध्वनिमुद्रिका आजही त्यात नाही.

१५/
या कायद्यातली ‘पुस्तका’ची व्याख्या मुळातून वाचण्यासारखी आहे. तिच्यात नकाशे आहेत, तक्ते आहेत आणि छापील स्वरलिपीचा सुटा कागदही आहे. म्हणजे संगीत कागदावर उतरले तर राष्ट्र ते जपेल. तेच संगीत ध्वनिमुद्रित झाले तर जपणार नाही. ही दृष्टी छापखान्याच्या युगातली, १८६७ च्या वसाहतकालीन नोंदणी कायद्यातून आलेली आहे. ज्या देशात संगीत बहुतांशी कानाने शिकले जाते, तिथे ती सर्वाधिक गैरलागू आहे.

१६/
हे अपरिहार्य होते असेही नाही. फ्रान्सने १९३८ सालीच राष्ट्रीय ध्वनिसंग्रह स्थापून त्यात तबकड्या जमा करून घेण्याची व्यवस्था केली. भारतात कोलकात्यात १९०२ साली व्यावसायिक ध्वनिमुद्रणे सुरू झाली होती. जुन्या ७८ आरपीएम तबकड्या आज ऐकायला मिळतात, त्याचे मोठे श्रेय खासगी संग्राहकांना जाते. त्यांची ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही संस्था १९९० साली मुंबईत स्थापन झाली. जे काम कायद्याने करायचे, ते छंदिष्टांनी पदरमोड करून केले.

१७/
राहिली तिसरी समजूत : ‘सगळे इंटरनेटवर आहे.’ २००० नंतरच्या दशकात जगभरच्या नवोदित बँडांप्रमाणे भारतातले मेटल बँडही आपली गाणी ‘मायस्पेस’वर ठेवत. मार्च २०१९ मध्ये त्या कंपनीची कबुली समोर आली : सर्व्हर हलवताना २०१५ पूर्वी चढवलेले संगीत नष्ट झाले. सुमारे ५ कोटी गाणी आणि १.४ कोटी कलाकार, असा आकडा तेव्हा प्रसिद्ध झाला. पुराभिलेखागाराला आग लागली असती तर चौकशी समिती नेमली गेली असती.

१८/
आजचे स्ट्रीमिंगही संग्रह नव्हे. तिथे श्रोत्याला वर्गणीच्या मुदतीपुरते ऐकण्याचा परवाना मिळतो. करार संपला, कंपनी बुडाली किंवा बँडने वार्षिक शुल्क भरले नाही की अल्बम नाहीसा होतो. आणि जो राहतो, त्याच्यासोबत ध्वनिमुद्रण कोठे झाले, ड्रम कोणी वाजवले, मुखपृष्ठ कोणी रंगवले या नोंदी येतीलच असे नाही. इतिहासाच्या अभ्यासकाला गाण्याइतक्याच या नोंदी लागतात.

१९/
नष्ट होणे म्हणजे काय, हे भारतीय चित्रपटाला विचारावे. १९३१ चा ‘आलम आरा’ हा पहिला भारतीय बोलपट; आज त्याची एकही प्रत उपलब्ध नाही. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभे राहिले ते १९६४ साली. मधल्या ३३ वर्षांत जे गेले, ते परत आले नाही. ‘रॉक एन रोल रेनेगेड’ येऊन त्याहून अधिक वर्षे लोटली आहेत.

२०/
याची झळ केवळ मेटलला बसते असे मानू नये. दिवाळीनंतर आमगावाच्या परिसरात मंडया भरतात, दंडार होते, रात्रभर झाडीपट्टीची नाटके चालतात. रंगमंचासमोर बसून ऑर्गन आणि तबला वाजवणाऱ्यांचे संगीत हा त्या नाटकांचा प्राण. त्याचे ध्वनिमुद्रण झाले, तरी तेही याच कायद्याच्या बाहेर आहे. मुंबईचा मेटल बँड आणि वडशाची नाटक कंपनी एकमेकांना ओळखत नसतील. कायद्याच्या लेखी दोघेही सारखेच अदृश्य आहेत.

२१/
तेव्हा मागणी स्पष्ट आहे. १९५४ च्या कायद्यातल्या व्याख्येत ध्वनिमुद्रणाचा समावेश व्हावा, मग ते तबकडीवर असो वा संगणकीय फाइलच्या रूपात. तोवर राज्याच्या मध्यवर्ती ग्रंथालयाने महाराष्ट्रात निघणारे अल्बम स्वेच्छेने स्वीकारावेत आणि त्यांची सूची ठेवावी. बँडांनी नवा अल्बम काढताना एक प्रत, वादकांच्या नावांसह आणि ध्वनिमुद्रणाच्या तारखांसह, एखाद्या महाविद्यालयीन ग्रंथालयाकडे पाठवावी. घरी जुन्या कॅसेट असणाऱ्यांनी त्या भंगारात देऊ नयेत.

२२/
यांतले काहीच झाले नाही, तर ४० वर्षांनी हा इतिहास कसा लिहिला जाईल, याचा अंदाज आजच करता येतो. १ फेब्रुवारी २००८ रोजी ‘आयर्न मेडन’ मुंबईत वाजवून गेले, हे त्यात नक्की असेल, कारण वृत्तपत्रे जपली जातात. त्या गर्दीतून घरी परतून ज्यांनी स्वतःचे अल्बम काढले, त्यांची मात्र नावेही नसतील. परदेशी बँड आले, भारतीयांनी टाळ्या वाजवल्या, एवढेच उरेल. ‘हे संगीत परकेच होते’ ही समजूत मग पुराव्यानिशी खरी ठरेल.

२३/
भवभूतीलाही त्याच्या काळात अवहेलना सोसावी लागली असावी. ‘मालतीमाधव’च्या आरंभी तो टीकाकारांना बजावतो की हा खटाटोप त्यांच्यासाठी नाहीच, काळ अनंत आहे, पृथ्वी मोठी आहे, आपल्या जातकुळीचा कोणीतरी कधीतरी जन्मेल. हा विश्वास खरा ठरला, कारण मधल्या शतकांत कोणीतरी त्या पोथीच्या नकला करत राहिले. आजच्या अल्बमांची नकल जपण्याची जबाबदारी कायद्याने आजवर कोणावरही टाकलेली नाही. ती टाकावी, एवढेच या थ्रेडचे म्हणणे आहे.

(समाप्त)