पटाचा बैल, औताचा बैल आणि समृद्धीवरची गाडी



शेलूबाजारच्या पुलावर संध्याकाळी पाच-दहा मिनिटे उभे राहिले तर खालून काय काय जाते ते आपण सर्वांनी पाहिले आहे. मालमोटारी जातात, लक्झरी बसा जातात, आणि मधूनच जमिनीला टेकलेली, चपटी, लाल किंवा पिवळी गाडी भुर्रकन निघून जाते. आवाज मागून येतो. पोरं मोबाईल काढेपर्यंत ती कारंज्याच्या अंगाला गेलेली असते. मग पारावर चर्चा सुरू होते. कोणाची असेल? किती कोटीची? पेट्रोल किती खात असेल?

ही चर्चा काही वाईट नाही. पण ती गाडी आता आपल्या तालुक्यातून जाते, आपण दिलेल्या जमिनीवरून जाते, आणि तिचे वेड आपल्याही घरात शिरू लागले आहे. म्हणून तिचा हिशेब एकदा शेतकऱ्याच्या पद्धतीने मांडून पाहू.

पटाचा बैल औताला जुंपत नाहीत

शंकरपट आपल्याला नवा नाही. मधली काही वर्षे बंदी होती, मग पट पुन्हा भरू लागले आणि मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने राज्याचा कायदाही कायम ठेवला. पटाच्या जोडीचा खुराक वेगळा, गोठा वेगळा, राखणारा माणूस वेगळा. ती जोडी डवऱ्याला किंवा वखराला कोणी जुंपत नाही. तिचे काम काही सेकंदांचे आणि बाकी सारा मालकाचा शौक. वेगवान मोटारीचे अगदी असेच आहे.

लाम्बोर्गिनी कंपनीच्या हुराकान इव्हो या गाडीचे इंजिन ६४० अश्वशक्तीचे होते. आपल्या दारचा ट्रॅक्टर ४५ अश्वशक्तीचा धरला तर एका गाडीत चौदा ट्रॅक्टरांचे बळ झाले. पण तिला नांगर जोडला तर ती जागची हलणार नाही, चाक फिरेल आणि धूळ उडेल. कारण बळ तेच असले तरी ते ओढीत घालायचे की वेगात, हे गिअर, वजन आणि चाके ठरवतात. ट्रॅक्टर आपले सारे बळ ताशी चार-पाच किलोमीटरच्या चालीत ओढीला लावतो. ही गाडी तेच बळ पळण्याला लावते आणि तीन सेकंदांच्या आत ताशी १०० किलोमीटरचा वेग घेते. तिच्या पोटाखाली जागा चार-पाच इंचांची. आपल्या गावातले गतिरोधक तिला झेपायचे नाहीत.

गंमत अशी की ही गाडी काढणारा माणूस शेतकऱ्याचाच पोरगा. फेरुचिओ लाम्बोर्गिनी हा १९१६ साली इटलीत शेतकरी कुटुंबात जन्मला. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराच्या भंगार सामानातून त्याने ट्रॅक्टर जुळवले, १९४८ साली ट्रॅक्टरचा कारखाना काढला आणि त्यातून पैसा उभा राहिल्यावर १९६३ साली शर्यतीसारख्या मोटारींचा कारखाना टाकला. पुढे १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला धंदा अडचणीत आला, त्याने दोन्ही कारखाने विकले आणि द्राक्षाच्या मळ्यात जाऊन राहिला. पोर्शे हे नावही १९५६ ते १९६३ या काळात जर्मनीत ट्रॅक्टरवर होते. म्हणजे आधी औताचा बैल, त्याच्या कमाईवर पटाचा बैल. हा क्रम ध्यानात ठेवण्यासारखा आहे. आपल्याकडे बरेचदा तो उलटा होतो.

किंमत कोटीत, हिशेब क्विंटलमध्ये

समजा गाडी चार कोटींची आहे. २०२५-२६ च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये जाहीर झाला. तो पूर्ण मिळाला असे धरले तरी (मिळतो किती जणांना, हा वेगळा प्रश्न) चार कोटींसाठी साडेसात हजार क्विंटल सोयाबीन लागते. एकरी आठ क्विंटलचा उतारा धरा. म्हणजे सुमारे ९४० एकरांचे सारे पीक, तेही बी-बियाणे, खत, फवारणी, मजुरी यांचा खर्च वजा न करता. एवढ्यात एक गाडी.

आता कराचे पाहू, कारण इथे आपला थेट संबंध येतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तू व सेवा कराचे नवे दर लागू झाले. शेतीच्या ट्रॅक्टरवरचा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. ट्रॅक्टरचे टायर आणि सुटे भागही ५ टक्क्यांत आले. मोठ्या मोटारींना ४० टक्क्यांचा दर लागला. परदेशातून तयार येणाऱ्या महागड्या मोटारींवर २०२५ च्या अर्थसंकल्पात सीमाशुल्क ७० टक्के आणि त्यावर ४० टक्के उपकर अशी मांडणी झाली. हा उपकर कोणता? कृषी पायाभूत सुविधा व विकास उपकर. म्हणजे ती लाल गाडी बंदरात उतरली की शेतीच्या नावाने कर भरते. तो पैसा गोदामे, चाळण्या, शीतगृहे यांच्या रूपाने आपल्या तालुक्यापर्यंत किती पोचतो, हे ग्रामसभेत आणि लोकप्रतिनिधींना विचारण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे.

शुल्क किती जड असते याचे सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण सचिन तेंडुलकर यांच्या फेरारीचे. २००२ साली त्यांनी ब्रॅडमन यांच्या २९ कसोटी शतकांची बरोबरी केली, म्हणून फियाट कंपनीने त्यांना फेरारी ३६० मॉडेना भेट दिली. गाडी सुमारे ७५ लाखांची आणि तिच्यावरचे शुल्क १ कोटी १३ लाखांचे. सरकारने शुल्क माफ केले तेव्हा देशभर गदारोळ उठला, प्रकरण न्यायालयात गेले आणि शेवटी शुल्क कंपनीने भरले. पुढे २०११ साली ती गाडी सुरतेला विकली गेली. भेट मिळालेली गाडीसुद्धा फुकट पडत नाही, ती अशी.

राज्याच्या वाहन कराची गोष्ट मात्र उलटी आहे. एकरकमी कराला राज्याने वरची मर्यादा ठेवली आहे. ती २० लाखांची होती, १ जुलै २०२५ पासून ३० लाख झाली. चार कोटींच्या गाडीला ३० लाख म्हणजे साडेसात टक्केच पडले. आपण लाख रुपयांची साधी मोटारसायकल घेतो तिला अकरा टक्के पडतात. मर्यादा वाढवली हे बरे झाले, पण टक्केवारीने पाहिले तर जड ओझे अजून हलक्या बैलावरच आहे.

थांबायला किती एकर लागतात?

वेगाचा खरा हिशेब पळण्याचा नसून थांबण्याचा असतो. चौरस एकराची एक बाजू साधारण ६४ मीटर भरते. रस्ता कोरडा, टायर चांगले आणि चालकाला भानावर यायला एक सेकंद, असे धरून गणित केले आहे.

ताशी ६० च्या वेगाला गाडी थांबायला सुमारे ३७ मीटर लागतात, म्हणजे एका एकराचा अर्ध्याहून थोडा जास्त बांध. ताशी १२० ला ११३ मीटर, म्हणजे जवळपास दोन एकर. ताशी २०० ला सुमारे २७५ मीटर, चार एकरांच्या वर. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यानंतरचे अंतर चौपट होते. गाडी कितीही किमतीची असो, हा नियम कोणासाठी बदलत नाही. महागडी गाडी थोडी आधी थांबेल, पण तिचा चालक बहुधा त्याहून जास्त वेगात असतो.

समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा. नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी आणि इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी सुरू झाला. सपाट भागात मोटारींना ताशी १२० ची मर्यादा आहे. दुचाकी आणि तीनचाकीला मज्जाव आहे. तरीही कुंपणाच्या फटीतून मोटारसायकल वर चढवणारे आपल्यातच आहेत. वरून ताशी १५० ने येणाऱ्याला समोर विझल्या दिव्याची दुचाकी दिसली तर तो तिला चुकवू शकत नाही. १ जुलै २०२३ च्या रात्री सिंदखेड राजाजवळ याच मार्गावर खासगी बस उलटून पेटली आणि २५ जीव गेले. त्या आठवणीने अजून अंगावर काटा येतो.

ज्यांच्याकडे साधी चारचाकी आहे त्यांनी टायरकडे पाहावे. टायरच्या कडेवर शेवटी एक इंग्रजी अक्षर असते. एस असेल तर तो ताशी १८० पर्यंतचा, टी असेल तर १९० चा, एच २१० चा. वेगवान गाड्यांना वाय म्हणजे ३०० चा टायर असतो. पण हे सारे नव्या, बरोबर हवा भरलेल्या टायरचे. तिथेच चार आकडी शिक्का असतो. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१८ असेल तर २०१८ सालातला तेविसावा आठवडा. असा जुना, चिरा पडलेला टायर गावातल्या रस्त्याला चालून जातो, पण सिमेंटच्या रस्त्यावर उन्हात तास-दोन तास पळाला की फुटतो. हवा टायर थंड असताना तपासावी. समृद्धीवर चढायच्या आधी एवढे तरी कराच.

पुण्याची गाडी आणि गावचा ट्रॅक्टर

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या मुलाच्या हातातल्या पोर्शे गाडीने दुचाकीवरच्या दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. कोटीच्या वर किमतीची ती गाडी १,७५८ रुपयांचे शुल्क न भरल्याने नोंदणीविना फिरत होती. मुलाला त्याच दिवशी ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याच्या अटीसह जामीन मिळाला आणि लोक खवळले. पुढे रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून ससून रुग्णालयाचे डॉक्टर अटकेत गेले. मुलावर प्रौढ म्हणून खटला चालवावा ही पोलिसांची मागणी बाल न्याय मंडळाने जुलै २०२५ मध्ये फेटाळली.

तेव्हा गावोगाव आपण म्हणालो, श्रीमंताचे पोट्टे, बापाने लाडावलेले. खरे आहे. पण पेरणीच्या दिवसांत गावच्या रस्त्यावर उभे राहून पाहा. पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा ट्रॅक्टर हाकतो, मागे ट्रॉली, ट्रॉलीत दहा-बारा बाया, आणि बाप कौतुकाने सांगतो, आमचा बबन मोठ्या माणसासारखा ट्रॅक्टर चालवते. कायद्याच्या नजरेत पुण्याचा बाप आणि हा बाप एकाच कलमात बसतात. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली घातलेले कलम १९९-अ सांगते की अल्पवयीन मुलाने वाहन चालवताना गुन्हा केला तर पालक किंवा वाहनमालक दोषी धरला जाईल. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड. वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द, आणि मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना नाही. मला ठाऊक नव्हते, हे सिद्ध करण्याची जबाबदारी पालकाचीच.

विम्याचेही तसेच. चालकाला परवाना नसेल तर विमा कंपनीला भरपाई आधी द्यायला लावून ती रक्कम नंतर मालकाकडून वसूल करण्याचे आदेश होतात. पोर्शेच्या मालकाकडे वसुलीला खूप काही असते. आपल्याकडे सात-बारा असतो. ट्रॅक्टरचा विमा शेतीकामाचा असतो, त्यावर ट्रॉलीत बसवलेल्या वऱ्हाडाची हमी कोणी घेत नाही. लग्नसराईत हे विसरू नये.

आपल्या खात्याची एक योजना

गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत १० ते ७५ वर्षांचा खातेदार आणि त्याच्या कुटुंबातील एक सदस्य येतो. अपघाती मृत्यू झाल्यास दोन लाख रुपये मिळतात, एक अवयव वा एक डोळा निकामी झाल्यास एक लाख. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे ३० दिवसांच्या आत द्यावा लागतो. पण मृत व्यक्ती स्वतः वाहन चालवत असेल तर वैध परवाना लागतो. नशेत झालेला अपघात यात बसत नाही. आणि नियमात आणखी एक ओळ आहे, मोटार शर्यतीतला अपघातही बसत नाही. परवाना नाही म्हणून प्रस्ताव अडला की विधवेला काय उत्तर द्यायचे, हा प्रश्न कृषी सहाय्यकापुढे उभा राहतो. परवाना काढायला फार खर्च नाही आणि फार दिवसही लागत नाहीत.

सरपंच, पोलीस पाटील, ग्रामपंचायत अधिकारी यांना एवढीच विनंती. येत्या ग्रामसभेत अर्धा तास या विषयाला द्यावा. गावात ट्रॅक्टर किती, चालवणारे किती आणि परवानाधारक किती, याची यादी करावी. समृद्धीच्या कुंपणाला कुठे फट असेल तर लेखी कळवावे. ट्रॉलीच्या मागे लाल परावर्तक पट्टी लावण्याची मोहीम ऊस-कापसाच्या हंगामाआधी घ्यावी. अपघात दिसला तर १०८ आणि ११२ ला फोन करावा. मदत करणाऱ्याला कायद्याने संरक्षण आहे, पोलीस त्याला अडकवून ठेवू शकत नाहीत.

आणि ज्यांच्या हाती जमिनीच्या मोबदल्याची रक्कम आली आहे किंवा येणार आहे त्यांच्यासाठी एक शब्द. शौक असावा, कोणाच्या शौकाला नावे ठेवू नयेत. पण गाडी दारात आली त्या दिवसापासून तिची किंमत उतरत जाते, आणि विकलेले वावर त्याच भावात पुन्हा मिळत नाही. आधी विहीर, ठिबक, गोठा, पोरांचे शिक्षण. त्यातून उरले आणि वाढले, तर पटाचा बैल खुशाल घ्यावा.