बंदुकांची कमाल धारणा

एका माणसाला किती बंदुका पुरतात? प्रश्न वरवर पाहता पोरखेळाचा वाटेल. परंतु २०१९ सालच्या अखेरीस या देशाच्या संसदेला त्याचे उत्तर आकड्यात द्यावे लागले, आणि ते देताना सरकारची जी ओढाताण झाली ती पुरेशी बोलकी होती. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात १९८३ साली झालेल्या दुरुस्तीनुसार एका व्यक्तीला जास्तीत जास्त तीन बंदुका बाळगता येत. हा आकडा एकावर आणणारे विधेयक सरकारने मांडले आणि लगोलग जुन्या संस्थानी घराण्यांतून, नेमबाजांच्या वर्तुळांतून व परवानाधारकांकडून ओरड सुरू झाली. डिसेंबर २०१९ मध्ये विधेयक संमत झाले तेव्हा एकाचे दोन झाले होते. फेब्रुवारी २०२० मध्ये गृहमंत्रालयाने अधिसूचना काढून नामवंत नेमबाजांना सवलतीच्या वर्गात बारापर्यंत शस्त्रे ठेवण्याची मुभा दिली. पूर्वी ही मर्यादा सातची होती. अशा रीतीने एका हाताने आकडा खाली आणला गेला आणि दुसऱ्या हाताने तो काही निवडक लोकांपुरता वर नेला गेला.

महाराष्ट्रातील वाचकांना हा खेळ नवा वाटू नये. १९६१ च्या शेतजमीन कमाल धारणा कायद्याचे काय झाले हे गावोगावच्या कार्यकर्त्यांनी डोळ्यांनी पाहिले आहे. कायद्याने मर्यादा घातली; बागायतदारांनी ती मुलांच्या, सुनांच्या आणि देवस्थानांच्या नावे जमिनी करून ओलांडली. बंदुकांची मर्यादाही माणशी आहे, घराण्याला नाही. पाच सज्ञान माणसांच्या एका वाड्यात दहा बंदुका कायदेशीरपणे नांदू शकतात. तेव्हा ‘दोन’ या आकड्याने प्रश्न सुटला असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. तरीही तो आकडा महत्त्वाचा आहे, आणि त्याचे समर्थन ठामपणे केले पाहिजे. शस्त्र ही इतर चीजवस्तूंसारखी खाजगी मालमत्ता नव्हे आणि समाजाला तिच्यावर कमाल धारणा लावण्याचा अधिकार आहे, हे तत्त्व त्या आकड्यात मान्य झालेले आहे.

या तत्त्वाविरुद्ध जे आक्षेप घेतले जातात त्यांतला सर्वांत वजनदार आक्षेप स्वातंत्र्याच्या नावाने घेतला जातो, आणि तो समाजवाद्यांना तर विशेषच विचारात घ्यावा लागेल. १८७८ साली लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत हत्यारबंदीचा कायदा आला. त्याच वर्षी देशी भाषांतील वृत्तपत्रांच्या तोंडाला कुलूप घालणारा कायदाही आला. लेखणी आणि तलवार एकाच वर्षी जखडली गेली. या कायद्यात युरोपियनांना सूट होती आणि नेटिवाला परवान्यासाठी दारोदार हिंडावे लागे. हा अपमान राष्ट्रीय सभेने ओळखला. १८८७ च्या मद्रास अधिवेशनापासून या कायद्याविरुद्ध आवाज उठला. १९३१ च्या कराची अधिवेशनातील मूलभूत हक्कांच्या ठरावात, नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा नागरिकाचा हक्क नोंदला गेला. डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत ह. वि. कामत यांनी याच ठरावाचा धागा धरून शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घालण्याची दुरुस्ती मांडली. पुढे प्रजा समाजवादी पक्षाचे खासदार म्हणून गाजलेले हेच ते कामत. म्हणजे ज्या मागणीचा आज संस्थानिकांचे वारस आधार घेतात, तिच्यामागे समाजवादी परंपरेतील एक आदरणीय नाव उभे आहे हे नाकारून चालणार नाही.

परंतु त्या मागणीचा अर्थ काय होता? गोऱ्याच्या कमरेला पिस्तूल आणि काळ्याच्या हातात काठी, या विषमतेविरुद्ध ती मागणी होती. एका संपूर्ण राष्ट्राला पौरुषहीन ठरवणाऱ्या कायद्याचा तो धिक्कार होता. कोणा धनवंताने दिवाणखान्याच्या भिंतीवर दुनळी बंदुकांची रांग लावावी, यासाठी कराचीचा ठराव झाला नव्हता. घटना समितीत डॉ. आंबेडकरांनी कामतांना उत्तर देताना नेमके याच बदललेल्या परिस्थितीकडे लक्ष वेधले. परकीय सत्ता असताना या मागणीला जो अर्थ होता तो स्वतंत्र राज्यात उरत नाही, आणि प्रत्येकाला बाजारात जाऊन हवी ती शस्त्रे विनाअडथळा विकत घेता येऊ लागली तर राज्यकारभार चालवणेच अशक्य होईल, असा त्यांचा युक्तिवाद होता. कामतांची दुरुस्ती फेटाळली गेली. भारतात शस्त्र हा हक्क झाला नाही. ती परवान्याने मिळणारी सवलत राहिली. या निर्णयाची दूरदृष्टी कळण्यासाठी, जेथे तो हक्क झाला त्या देशाकडे पाहावे.

अमेरिकेच्या राज्यघटनेत १७९१ साली दुसरी दुरुस्ती आली. तिच्या शब्दांत नागरी पलटणींचा उल्लेख आहे. तथापि २००८ साली हेलर खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने हा हक्क व्यक्तीचा आहे असा निर्वाळा दिला. जिनिव्हाच्या ‘स्मॉल आर्म्स सर्व्हे’ या संस्थेच्या अंदाजानुसार २०१७ साली अमेरिकेतील खाजगी बंदुका ३९ कोटींच्या वर होत्या, म्हणजे दर शंभर माणसांमागे सुमारे १२०. माणसांपेक्षा बंदुका अधिक! पण या आकड्याच्या पोटात दुसरा आकडा आहे आणि तो अधिक विचार करण्याजोगा आहे. हार्वर्ड व नॉर्थईस्टर्न विद्यापीठांतील संशोधकांनी २०१५ साली केलेल्या पाहणीत असे दिसले की, प्रौढ लोकसंख्येच्या अवघ्या तीन टक्के लोकांकडे देशातील जवळजवळ निम्म्या बंदुका आहेत. या वर्गात सरासरी माणशी सतरा बंदुका पडतात. संपत्तीचे जे केंद्रीकरण भांडवलशाहीत होते तेच बंदुकांचेही झाले. हक्क सर्वांचा म्हणून सांगितला गेला. साठा मात्र मूठभरांच्या तळघरात गेला.

या संग्राहकांतील बहुसंख्य लोक निरुपद्रवी असतात, कायदा पाळतात, जुनी शस्त्रे पुसूनपासून जपतात, हे मान्य केलेच पाहिजे. त्यांना खुनी ठरवणे अन्यायाचे होईल. परंतु कायदा माणसाच्या मनात डोकावू शकत नाही. तो फक्त त्याच्या हातात काय आहे ते मोजू शकतो. १ ऑक्टोबर २०१७ रोजी लास वेगास येथे एका इसमाने हॉटेलच्या बत्तिसाव्या मजल्यावरून खाली चाललेल्या संगीताच्या कार्यक्रमावर गोळ्यांचा वर्षाव केला. मृतांची संख्या पुढे साठावर गेली. त्याच्या खोलीत वीसहून अधिक बंदुका सापडल्या. त्यांतील बहुतेक त्याने त्याआधीच्या वर्षभरात दुकानांतून कायदेशीरपणे विकत घेतल्या होत्या. तोपर्यंत तोही कायदा पाळणारा, हौशी खरेदीदारच होता. कोणत्या आकड्यावर आल्यावर दुकानदाराने वा पोलिसाने त्याला हटकायचे, याचे उत्तर तेथील कायद्यापाशी नव्हते. आणि नित्याचे मरण तर याहून वेगळेच आहे. २०२१ साली अमेरिकेत बंदुकीने मेलेल्या ४८ हजारांहून अधिक माणसांपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या होत्या. संरक्षणासाठी घरात आणलेले हत्यार घरातल्याच निराश माणसाच्या हाती लागते, हा त्याचा अर्थ.

याउलट ऑस्ट्रेलियाने काय केले? १९९६ साली पोर्ट आर्थर येथे पस्तीस माणसे मारली गेल्यावर तेथील सरकारने कायदे कडक केले आणि सुमारे साडेसहा लाख बंदुका मोबदला देऊन परत घेतल्या. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, त्या सरकारचे पंतप्रधान जॉन हॉवर्ड हे कोणी डावे पुढारी नव्हते, सनातनी पक्षाचे होते. पुढे वेस्टर्न ऑस्ट्रेलिया राज्याने २०२४ च्या कायद्याने संख्येवरही मर्यादा घातली. हौशी नेमबाजाला पाच बंदुका; शेतकऱ्याला व स्पर्धेत उतरणाऱ्या नेमबाजाला दहा. आकडे आपल्यापेक्षा मोठे आहेत, परंतु तत्त्व तेच आहे. गरज वेगळी आणि हौस वेगळी, आणि दोहोंना एकच माप लावता येत नाही.

भारतात हौशीच्या बाजूने जे बोलले जाते त्याची तपासणी याच कसोटीवर करावी. शिकारीच्या शौकाला १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा व त्यातील १९९१ ची दुरुस्ती यांनंतर कायद्याचा आधार उरलेला नाही. मग शिकारीच्या बंदुकांचा संग्रह कशासाठी? वाडवडिलांची आठवण म्हणून, असे सांगितले जाते. आठवण जपायची तर ती निकामी करून भिंतीवर लावता येते, संग्रहालयाला देता येते. आठवणीला जिवंत काडतुसे लागत नाहीत. खेळाडूंचा प्रश्न याहून रास्त आहे. नेमबाजीत या देशाच्या मुलामुलींनी ऑलिंपिक पदके आणली आहेत, आणि वेगवेगळ्या प्रकारांना वेगवेगळी शस्त्रे लागतात हे खरे आहे. परंतु खेळाची शस्त्रे खेळाच्या जागी, क्लबच्या कुलूपबंद शस्त्रागारात राहावीत, यात खेळाचे काय नुकसान आहे? लाखांच्या किमतीची रायफल घेऊ न शकणाऱ्या गरीब घरच्या मुलीला तर अशा सामाईक शस्त्रागाराचाच आधार होईल.

आणखी एक आक्षेप नेहमी ऐकू येतो. खून पडतात ते गावठी कट्ट्यांनी. परवानाधारकाला छळून काय साधणार? या देशात बंदुकीने होणाऱ्या बहुतेक खुनांत बिनपरवाना हत्यार असते, ही वस्तुस्थिती आहे. बेकायदा कारखाने मोडून काढलेच पाहिजेत आणि २०१९ च्या दुरुस्तीत त्यासाठी जन्मठेपेपर्यंत शिक्षा ठेवली आहे. परंतु परवान्याच्या बंदुकीचा उपयोग केवळ गोळी झाडण्यात नसतो. ती खांद्यावर टाकून गावातून फिरण्यात असतो. मतदानाच्या दिवशी ओसरीवर टेकवून ठेवण्यात असतो. लग्नाच्या वरातीत हवेत बार काढण्यात असतो. या शेवटच्या प्रकारासाठी त्याच दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड सांगितला आहे. निवडणूक जाहीर झाली की परवान्याची शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करण्याचे हुकूम निघतात. परवान्याची बंदूक निरुपद्रवी असती तर शासनाला ही धास्ती का वाटावी?

बंदूक कोणाच्या हाती आहे हा अखेर सत्तेचा प्रश्न आहे. बिहारमध्ये जमीनमालकांच्या रणवीर सेनेने १९९६ साली बथानी टोला येथे २१ आणि १९९७ साली लक्ष्मणपूर बाथे येथे ५८ माणसे मारली. मेलेले बहुतांशी दलित व भूमिहीन होते आणि त्यांत बायकामुलेही होती. पुढे २०१२ व २०१३ साली पाटणा उच्च न्यायालयात या दोन्ही खटल्यांतील आरोपी सुटले. ज्याच्या हाती जमीन, त्याच्याच हाती बंदूक आणि त्याच्याच बाजूला साक्षीदारांचे मौन, हे समीकरण तेथे उघडे पडले. कायद्याच्या पुस्तकात मात्र या समीकरणाला छेद देणारी दोन कलमे आहेत, आणि ती फारशी कोणाला ठाऊक नाहीत. पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून कोणालाही परवाना नाकारता येणार नाही, असे शस्त्र अधिनियमाच्या चौदाव्या कलमात लिहिले आहे. अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील १९९५ च्या नियमांतील तिसरा नियम तर याहून पुढे जातो. अत्याचारप्रवण भागात आवश्यक वाटल्यास दलित-आदिवासींखेरीज इतरांचे शस्त्रपरवाने रद्द करून शस्त्रे सरकारजमा करावीत, आणि गरज पडल्यास दलित-आदिवासींना परवाने द्यावेत, अशी ती तरतूद आहे. हा नियम बजावण्याचे धाडस किती जिल्हाधिकाऱ्यांनी दाखवले, हा प्रश्न प्रत्येक जिल्ह्यात विचारला गेला पाहिजे.

दुसऱ्या बाजूला कोकणातल्या शेतकऱ्याची ठासणीची बंदूक आहे. रानडुकरे आणि माकडे यांच्यापासून भात, नाचणी, नारळ राखण्यासाठी त्याला शेतीसंरक्षणाचा परवाना मिळतो. बार काढून जनावरे पळवून लावायची एवढाच तिचा उपयोग. निवडणूक आली की तीही ठाण्यात जाते, आणि तिकडे रानडुकरे रात्रीतून शेत उकरतात. वरातीत मिरवणारे पिस्तूल आणि पिकाची राखण करणारी बंदूक यांना एकाच फर्मानाने हाकणे, हा न्याय नव्हे.

म्हणून या प्रश्नावर कार्यकर्त्यांची भूमिका निःसंदिग्ध असली पाहिजे. दोनच्या मर्यादेत आणखी पळवाटा निघू देऊ नयेत. ती माणशी न ठेवता कुटुंबागणिक मोजली जावी. खेळाची शस्त्रे क्लबच्या शस्त्रागारात राहावीत. जिल्ह्यात एकूण किती परवाने आहेत, कोणत्या कारणासाठी दिले आहेत आणि त्यांत दलित, आदिवासी, स्त्रिया व अल्पभूधारक किती, याची आकडेवारी नावे न देता दरवर्षी जाहीर व्हावी. शेतीसंरक्षणाच्या परवान्यांचा विचार स्वतंत्रपणे व्हावा. यांतील पहिल्या दोन मागण्यांसाठी संसदेचे दार ठोठवावे लागेल; तिसरी आणि चौथी जिल्हाधिकारी कचेरीच्या दारातच धसाला लावता येतील. कमाल जमीन धारणेचा कायदा फसला तो केवळ कागदावरच्या त्रुटींमुळे नव्हे. गावातली प्रत्येक खोटी वाटणी सर्वांना माहीत असूनही तलाठ्याच्या चावडीवर जाऊन ती मोजून मागणारी माणसे थोडी होती. बंदुकांच्या बाबतीत ती चूक पुन्हा होता कामा नये. जमिनीच्या चोरीने पोट मारले जाते. बंदुकांच्या चोरट्या साठ्याने तोंडही बंद होते.