व्यवहारबोध : गाडी कोणाच्या नावावर?

गोराईच्या खाडीवरून येणारा खारा वारा प्रथम पत्र्याला ग्रासतो. तेथील एका घराच्या अंगणात पन्नाशी ओलांडलेली मॅटॅडोर व्हॅन उभी होती. वडिलांच्या निधनाला दोन वर्षे झाली होती. थोरल्या मुलाने ठरविले की आईला याच गाडीतून नेपाळला न्यावयाचे.

गाडी बजाज टेम्पोची. नवलमल फिरोदिया यांनी १९५८ साली स्थापन केलेल्या या कंपनीमुळे ‘टेम्पो’ हा शब्द मराठीत रुळला. मिस्त्रीने रेडिएटरच्या रबरी नळ्या व पंख्याचा पट्टा बदलला. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते, म्हणून तेही नवे भरले. नक्षी शाबूत असलेले टायर मात्र त्याने बाद केले; बाजूवर कोरलेल्या चार अंकांत निर्मितीचा आठवडा व वर्ष असते, आणि ते फारच जुने होते.

यंत्र सिद्ध झाले, कागद राहिले. २०२१ च्या नियमांनुसार मूळ स्वरूपातील पन्नास वर्षांवरील खाजगी वाहनास ‘व्हिंटेज’ नोंदणी मिळते. शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे. परंतु असे वाहन प्रदर्शन, रॅली, इंधन, देखभाल अशा मोजक्या कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते. पाटी मिळाली असती, प्रवास अडला असता. म्हणून साधी नोंदणीच कायम ठेवून तिचे नूतनीकरण करण्याचे ठरले.

खरी अडचण नोंदणी पुस्तकाच्या पहिल्याच पानावर निघाली. मालक म्हणून अजून वडिलांचेच नाव होते. मालकाच्या मृत्यूनंतर वारसाने तीस दिवसांत परिवहन कार्यालयास कळवावे आणि तीन महिन्यांत नमुना ३१ मध्ये हस्तांतरणाचा अर्ज करावा, असा नियम आहे. मुदत केव्हाच उलटली होती. विमाही वडिलांच्याच नावे होता. शिवाय भारतीय वाहन विम्यात नेपाळचा समावेश वेगळा करून घ्यावा लागतो.

सोनौलीच्या सीमेपलीकडे नेपाळी भन्सार कार्यालयात दिवसांनुसार शुल्क भरून वाहनाची परवानगी घ्यावी लागते. तेथे मूळ नोंदणीपत्र दाखवावे लागते. दिवंगताच्या नावाचे पुस्तक घेऊन परक्या देशाच्या दारात उभे राहणे शहाणपणाचे नव्हते.

हस्तांतरणास इतर वारसांची संमती हवी होती. बहिणीने त्याच दिवशी सही दिली. धाकट्या भावाशी मात्र दुकानाच्या वाटणीपासून बोलणे तुटले होते. थोरला कागद घेऊन स्वतः त्याच्या घरी गेला. चहा आला, निवला. धाकट्याने नमुना संपूर्ण वाचला, सही केली आणि म्हणाला, “दादा, मागची एक जागा माझ्यासाठी ठेव.”

इंजिनाचा खर्च वहीत लिहिता येतो. टाळलेल्या सहीचा खर्च कोठेच लिहिला जात नाही. तो व्याजासह वाढतो. वाचकांनी आज आपल्या घरातील वाहनांची पुस्तके एकदा उघडून पाहावीत.